गेटवरची हजेरी

२७ जुलै १९७८, गुरुवार. नागसेनवनातल्या होस्टेलच्या व्हरांड्यात दोरीवर ओले कपडे वाळत घातले आहेत, पण पावसाळी हवेत ते काही वाळत नाहीत. शहराचं नाव अजून औरंगाबाद आहे. तुम्ही इथे आला आहात, पण कुणाला दिसत नाही आणि तुमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. तुम्हाला फक्त पाहता येतं. प्रवासाची अट एवढीच.

खोलीत तीन पोरं राहतात. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव, वर्ग आणि गाव लिहिलंय. ट्रंक नांदेडकडच्या एका पोराची आहे. त्याचा डबा आठवड्यातून एकदा एसटीने येतो. भाकरी कडक होते, ठेचा टिकतो. भारत सरकारची स्कॉलरशिप अजून आलेली नाही, म्हणून खानावळवाल्याच्या वहीत त्याच्या नावापुढे आकडा वाढत चाललाय. व्हरांड्यात एका रेडिओभोवती वीस-पंचवीस जण जमलेत. बातमी मुंबईहून येते : विधानसभा आणि विधान परिषद, दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव मंजूर केला.

क्षणभर कुणाला काही सुचत नाही. मग कुणीतरी 'जयभीम' म्हणतं आणि सगळा व्हरांडा तेच म्हणतो. पोरं चपला शोधत जिन्यावरून धावत सुटतात. ट्रंकेवाला मात्र मागे थांबतो. ट्रंक उघडतो, एक पोस्टकार्ड काढतो आणि गुडघ्यावर वही ठेवून घरी लिहायला बसतो. मायला वाचता येत नाही. शेजारचं कुणीतरी वाचून दाखवेल, म्हणून तो अक्षर मोठं काढतो. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला मिळालं, हे पहिलं वाक्य. मी बरा आहे, हे दुसरं. पुढच्या महिन्यात गावाकडे येतो, हे तिसरं.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. मुख्यमंत्री शरद पवार आहेत, त्यांचं सरकार येऊन दहा दिवसही झालेले नाहीत, आणि ठराव अमलात यायला पंधरा वर्षं, साडेपाच महिने लागणार आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या आठवड्यात त्याच्याच जिल्ह्यात काय होणार, तेही ठाऊक आहे. 'गावाकडे जाऊ नको' असं त्याला सांगावंसं वाटतं, आणि सांगता येत नाही. तो जिभेने तिकीट ओलं करावं तसं बोट ओलं करून कार्डावरचा शाईचा डाग पुसतो आणि पोस्टाकडे निघतो.

ठरावाच्या बातमीबरोबरच शहरात विरोध पेटतो आणि बघता बघता तो पाचही जिल्ह्यांत पसरतो. तेव्हा मराठवाड्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद एवढेच जिल्हे आहेत. जालना, लातूर आणि हिंगोली पुढे झाले. तारा तोडल्या जातात, रूळ आणि पूल उखडले जातात, एसटी बंद पडते. पोराचा डबा येणं थांबतं. पोस्टही थांबतं. हजाराहून अधिक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले होतात. झोपड्या जळतात, साठवलेली ज्वारी जळते, विहिरीवर जाणं बंद होतं, मजुरी बंद होते. हजारो माणसं पोराबाळांना घेऊन गाव सोडतात. होस्टेलची पोरं रात्री गच्चीवर बसून राहतात. आपापलं गाव कुठल्या दिशेला हे प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येक जण त्या दिशेला बघत असतो.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचीराम कांबळे यांना जमावाने ठार केलं. त्याच जिल्ह्यातल्या सुगावात जनार्दन मवाडे मारले गेले. तिथे मी तुम्हाला नेणार नाही. माणसाचं मरण समोर उभं राहून बघायचं, आणि तेही हात बांधलेले असताना, यातून त्या माणसाचा मान होत नाही. त्यांची नावं घ्यावीत, गाव सांगावं, आणि ती का गेली ते नीट समजून घ्यावं, एवढं आपल्या हातात आहे. एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे : पोचीराम मातंग समाजाचे होते. हा लढा एकाच जातीचा होता असं सांगणाऱ्यांना टेंभुर्णीचं नाव पुरेसं उत्तर आहे.

हे नाव इथेच का हवं होतं, ते कळायला अजून मागे जावं लागेल.

१९५०. जून महिना, पहिला पाऊस. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. आतापर्यंत या भागातल्या पोराला मोठं शिक्षण घ्यायचं तर हैदराबाद गाठावं लागे आणि उर्दूतून शिकावं लागे. ज्याच्या घरी जमीन होती त्याला ते जमलं. ज्याच्या घरी नव्हती, त्याच्या मनात तो विचारही आला नाही. तुम्ही आता छावणीच्या बाजूला उभे आहात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज इथे सुरू होतंय. मुंबईत सिद्धार्थ कॉलेज झालंच आहे, पण मुंबईत अनेक कॉलेजं आहेत. त्यांनी दुसरं कॉलेज काढायला मुद्दाम ही माळरानाची जागा निवडली. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद येतात आणि इमारतीची कोनशिला बसते. पुढे कॉलेजला मिलिंद हे नाव मिळतं आणि परिसर नागसेनवन होतो. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू, अशी ही जोडी. ज्या माणसाच्या शाळेत पाण्याच्या माठाला हात लावायला बंदी होती, त्याने आपल्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव दिलं. या शहरात मला याहून सुंदर नाव दुसरं दिसत नाही.

इथे जरा थांबा. पहिल्या वर्गातली पोरं बघा. कुणी पायात चपला नसलेला, कुणी मामाचा सदरा घालून आलेला. गुराढोरांमागे फिरलेली पोरं पहिल्यांदा बाकावर बसून टिपणं काढतात. या पोरांतून आणि त्यांच्या पाठच्या भावंडांतून पुढे प्राध्यापक, वकील, कवी, मामलेदार झाले. दलित साहित्याला बळ देणारं गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघालं. त्यामुळे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, असं पोरं म्हणाली तेव्हा ती कुणाकडे काही मागत नव्हती. या मातीत शिक्षणाची पहिली विहीर कुणी खणली, तेवढी नोंद करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. विद्यापीठ झालेलं त्यांनी पाहिलं नाही. २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. मागे औरंगाबादची बौद्ध लेणी, एका हाताला सोनेरी महाल, पलीकडे बीबी का मकबरा आणि मधे हा उघडा माळ. त्या दिवशी कुणालाही वाटलं नसेल की या माळावरच्या एका पाटीसाठी माणसं जीव देतील. तेव्हा हा सगळा मुलूख आनंदात होता. निजामाच्या जोखडातून सुटलेल्या मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं होतं, आणि 'मराठवाडा' हे नाव खरोखर लढून मिळवलेलं होतं. म्हणूनच पुढे गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखा हैदराबाद मुक्तिसंग्रामातला मोठा माणूस नामांतराच्या विरोधात उभा राहिला तेव्हा दुखलं जास्त. त्यांची प्रादेशिक अस्मितेची बाजू मी समजू शकतो. पण त्या अस्मितेच्या नावाने वस्त्या जळत असताना अस्मिता बाजूला ठेवायला हवी होती, असंच मला आजही वाटतं.

पुन्हा पुढे चला. ११ नोव्हेंबर १९७९, रविवार, नागपूरची दीक्षाभूमी. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च निघतोय. औरंगाबादपर्यंत पायी. तुम्ही शेवटच्या रांगेत सामील व्हा. रोज पंचवीस-तीस किलोमीटरची चाल आहे. तिसऱ्या दिवशी टाचांना फोड येतात. पाचव्या दिवशी फोड फुटतात आणि पोरं चिंध्या गुंडाळून चालतात. गावोगावच्या बायका डोक्यावर भाकरीच्या दुरड्या घेऊन रस्त्यावर उभ्या आहेत. एक म्हातारी प्रत्येकाच्या हातावर पिठलं-भाकरी ठेवतेय आणि प्रत्येकाला एकच विचारतेय, "कुठवर जायचं बाबा?" उत्तर ऐकून ती म्हणते, "मग खा पोटभर. लांब हाय ते."

ती औरंगाबादला कधी गेली नसावी. विद्यापीठ म्हणजे काय, हेही तिला कुणी समजावलेलं नसेल. पण तिथे लांब जावं लागतं, हे तिला कळलंय.

अठरा दिवसांत सुमारे ४७० किलोमीटर चालून मोर्चा बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलाशी येतो. पुढे मराठवाड्याची हद्द आहे आणि पुलावर पोलीस आहेत. तिथे लाठीमार होतो, मोर्चेकऱ्यांना पकडलं जातं. औरंगाबाद अजून शंभरेक किलोमीटर दूर राहतं. पण अडवला गेलेला मोर्चा राज्यभर पसरतो. ठिकठिकाणी सत्याग्रह होतात, तुरुंग भरतात. बाबा आढावांसारखे समाजवादी कार्यकर्ते आपल्या माणसांसह सत्याग्रहात उतरतात. नागपूरच्या इंदोऱ्यात नामांतराच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीने अविनाश डोंगरे हा शाळकरी पोरगा गेला. विद्यापीठापर्यंत पोचायला त्याला अजून कितीतरी इयत्ता जायच्या होत्या. त्याच शहरातल्या शहिदांत दिलीप रामटेके, रोशन बोरकर, ज्ञानेश्वर साखरे आणि अब्दुल सत्तार ही नावं घेतली जातात. शेवटचं नाव पुन्हा वाचा. बाबासाहेबांच्या नावासाठी एक मुसलमान नागपुरात मरण पावला, हे किती जणांना माहीत असतं?

ऐंशीचं दशक मी तुम्हाला झरझर दाखवतो, कारण त्यात वाट पाहण्याखेरीज फार काही घडलं नाही. मुख्यमंत्री बदलले, आश्वासनं बदलली नाहीत. दर वर्षी मोर्चे निघाले, दर वर्षी पोरं पास होऊन बाहेर पडली आणि त्यांच्या पदवीवर जुनंच नाव राहिलं. ट्रंकेवाल्या पोराला नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. २७ जुलै आली की त्याच्या घरात मात्र कुणी मोठ्याने बोलत नसे.

२५ नोव्हेंबर १९९३, नांदेड. इथेही मी तुम्हाला थोडं लांबच उभं करतो. गौतम वाघमारे नावाच्या तरुण कार्यकर्त्याने नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. प्रतिभा तायडे, सुहासिनी बनसोड यांच्यासारख्या तरुण मुलीही या लढ्यात गेल्या. गौतमचं नाव मी आदराने घेतो, आणि तरीही म्हणतो की त्याने जगायला हवं होतं. कुणाही पोराने कशासाठीही असं जाऊ नये. सभागृहात एकमताने झालेला ठराव पंधरा वर्षं बासनात पडून राहिला नसता, तर नांदेडचा हा तरुण आज साठीच्या घरात असता, नातवंडांना घेऊन कुठेतरी बसला असता. त्याच्या धाडसाची गाणी पुष्कळ झाली. त्याला त्या टोकाला नेणाऱ्या दिरंगाईबद्दल आपण त्या मानाने फार कमी बोलतो.

त्यानंतर मात्र सरकारला थांबता आलं नाही. १४ जानेवारी १९९४, शुक्रवार, मकर संक्रांत. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच आहेत. निर्णय जाहीर होतो : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जुनं नाव गेलं नाही, त्याच्याआधी नवं आलं. म्हणून सरकारी कागदावर हा नामविस्तार. तडजोडच होती ती, आणि अनेकांच्या मनात ती सलली. पण तुम्ही आता विद्यापीठाच्या गेटपाशी उभे आहात आणि इथे कुणी कागद वाचत नाहीये. शहरात बंदोबस्त कडक आहे, दुकानं अर्धी उघडी आहेत, हवेत गारठा आहे. तरीही माणसं येतायत. सायकलवर, पायी, एकेका रिक्षात सात-आठ जण. एक बाई घरून तिळगूळ घेऊन आलीय आणि दिसेल त्याला देतेय, बंदोबस्तावरच्या शिपायालाही. शिपाई आधी इकडेतिकडे बघतो, मग टोपी सरळ करतो आणि हात पुढे करतो.

गर्दीत तुम्हाला ट्रंकेवाला दिसेल. पस्तिशीचा झालाय, केस मागे हटलेत. त्याच्या खांद्यावर मुलगी आहे. तो गेटजवळ जातो, दगडाला हात लावतो, आणि मग त्याला काय करावं कळत नाही. फुलं आणलेली नाहीत. कुणाच्या पाया पडायचं? पुतळा नाही, समाधी नाही. टेंभुर्णी दूर आहे, सुगाव दूर आहे, इंदोरा तर फारच दूर. तो कमानीच्या दगडावरच डोकं टेकवतो. शेजारचा माणूस बघतो आणि तसंच करतो. मग त्याच्यामागचा.

ही प्रथा अशीच सुरू झाली, असं मला ठामपणे सांगता येणार नाही. हा माणूस माझ्या कल्पनेतला आहे. पण प्रथा खरी आहे. दर १४ जानेवारीला माणसं त्या गेटसमोर येतात आणि दगडाला माथा टेकवतात. कुठल्या परिपत्रकाने ती आलेली नाही. स्मारकाची वाट न पाहता लोकांनी आपली जागा ठरवली आणि तिथे डोकं ठेवलं.

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम नावाच्या विद्यापीठाची एक जुनी पद्धत आहे. दर वर्षी २१ एप्रिलला तिथले आजी-माजी विद्यार्थी जमतात. वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून पुकारली जातात आणि प्रत्येक नावाला त्या माणसाचा मित्र किंवा घरचं कुणी 'हजर' असं उत्तर देतं. मग मेणबत्ती लागते. ती पद्धत मला आवडते. पण तिथे पुकारायची नावं विद्यापीठाच्या दप्तरात असतात. आपल्याकडे ज्यांची नावं पुकारायची, त्यांतल्या बहुतेकांचं नाव या विद्यापीठाच्या कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. जे कधी आत आलेच नाहीत, त्यांची हजेरी लोक बाहेर, गेटवर घेतात.

आता आजच्या काळात या. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय. १४ जानेवारीची सकाळ आहे आणि भडकल गेटपाशी बाबासाहेबांच्या पुतळ्याभोवती हारांचा ढीग चढतोय. तिथून माणसं नागसेनवनाकडे आणि पुढे विद्यापीठाकडे चालत निघाली आहेत. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, निळे झेंडे, कडेवर पोरं. जालना, बीड, परभणी, नांदेड, बुलढाणा, कुठून कुठून जीप भरून आल्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं लागलीत. ज्याला स्वतःला अक्षर येत नाही असा बाप पोरीसाठी शंभर रुपयांचं पुस्तक निवडताना मी याच रस्त्यावर पाहिलाय. तो मुखपृष्ठ बघत नव्हता. पानं उलटून, छपाई ठळक आहे का ते बघत होता.

पुढे अन्नदानाचे मांडव, औषधोपचाराचे टेबल, आणि मग पक्षांचे मंच. मंचांबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. एकेका गटाचा वेगळा मंच, प्रत्येकाचे मोठे भोंगे, आणि एकाचा आवाज दुसऱ्यावर. या गोंगाटात शहिदांची नावं कधी कधी अर्धीच ऐकू येतात. पोचीराम, गौतम, आणि मग 'इतर सर्व शहीद'. माझं म्हणणं साधं आहे : 'इतर' म्हणू नका. सगळी नावं घ्या, गावासकट घ्या, वेळ लागला तर लागू द्या. एका दिवसात पन्नास भाषणं होत असतील, तर एका यादीला पाच मिनिटं नक्कीच मिळू शकतात.

आणखी एक गोष्ट या गेटपाशी उभं राहून आठवावी. नामविस्तार झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं. नांदेड, परभणी, लातूर आणि पुढे हिंगोली हे जिल्हे तिकडे गेले. इकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव राहिले. म्हणजे टेंभुर्णीचा किंवा सुगावचा पोरगा आज जिल्ह्यातल्या कॉलेजात शिकून पदवी घेतो, तेव्हा पोचीराम आणि जनार्दन ज्या नावासाठी गेले ते नाव त्याच्या पदवीवर येत नाही. स्वामीजी थोर होते आणि त्या विद्यापीठाची तिकडे गरजही होती, यात वाद नाही. तरी दर वर्षी नांदेडहून येणाऱ्या जीप बघितल्या की हा हिशेब माझ्या मनात येतो. ती माणसं जे नाव आपल्या जिल्ह्यात लागू नाही, त्या नावाला मान द्यायला तीनशेच्या आसपास किलोमीटर तोडून येतात.

गेट जवळ आलंय. इथे मात्र भोंगे थोडे मागे पडतात. समता सैनिक दलाच्या मुली आणि मुलं हातात हात घालून रांग सांभाळतायत. एक भिक्खू त्रिशरण-पंचशील देतात आणि सगळे मागून म्हणतात. मग एक प्राध्यापिका हातातल्या कागदावरून नावं वाचायला लागतात. नाव झालं की गर्दी 'अमर रहे' म्हणते. पुढचं नाव. पुन्हा 'अमर रहे'. अविनाश डोंगरेचं नाव येतं तेव्हा त्या 'शाळकरी विद्यार्थी' असं जोडतात, आणि पुढे उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई जवळ ओढते. अब्दुल सत्तारांच्या नावालाही तेवढाच मोठा आवाज उठतो.

तुमच्या पुढे एक म्हातारा उभा आहे. पांढरा सदरा, हातात काठी, पासष्टी ओलांडलेली. शेजारी नात आहे, गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र. दर नावाला तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतो. नात वाकून विचारते, "आजोबा, काय म्हणताय?"

"गाव सांगतोय," तो म्हणतो. "बाई नाव घेतात, गाव राहून जातं."

"मग मोठ्यानं सांगा की."

म्हातारा घसा साफ करतो. प्राध्यापिका पुढचं नाव वाचतात, जनार्दन मवाडे, आणि 'अमर रहे' ओसरायच्या आत तो मोठ्याने म्हणतो, "सुगाव, जिल्हा नांदेड." आजूबाजूची दहा-वीस माणसं मागे वळून बघतात. प्राध्यापिका कागदावरून नजर वर काढतात, क्षणभर थांबतात, आणि त्याला हातानेच पुढे या म्हणून खुणावतात. नात त्याला कोपराला धरून पायरीपाशी नेते. कुणीतरी माईक त्याच्या तोंडाजवळ धरतं. पुढचं नाव त्या वाचतात, आणि गाव तो सांगतो.

त्याला सगळी गावं येत नाहीत. एका नावाला तो अडतो, तर मागून एक बाई ओरडून गाव सांगते. दुसऱ्याला अडतो, तर विदर्भातून आलेले लोक सांगतात. रांग तुंबली आहे. दलाचा एक पोरगा शिट्टी वाजवत येतो, "चला, पुढं चला, जालन्याच्या गाड्या येऊन थांबल्यात मागं." नात त्याला म्हणते, "दादा, थांबा जरा, अजून सात नावं राहिलीत."

तो शिट्टी खिशात ठेवतो आणि मागे तोंड करून जालन्याकडच्यांना हात वर करून थांबवतो.